खैऱ्याची कुळकथा

छत्तीसगडातल्या भिलाई-३च्या आसपासच्या बांध्यांत धानाचे पान तांबूस पडले की पहिला आळ लोखंडावर यावा, हे साहजिकच. कारण दल्ली-राजहऱ्याच्या खनिजावर जिथे १९५९ पासून भट्ट्या पेटल्या आहेत, त्या मुलखात तांबडे ते लोह हा निवाडा पुराव्याची वाट पाहत नाही. आळ सर्वस्वी खोटाही नव्हे. पाणी तुंबलेल्या जमिनीत लोह विरघळते आणि त्याच्या अतिरेकाने पान खरोखर तांबूस होते. परंतु काताच्या रंगावरून उत्तरेत ज्याला ‘खैरा’ म्हणतात, त्याचे कूळ जस्ताच्या उपासमारीत आहे.

ते शोधले पंतनगरच्या डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी, १९६६च्या सुमारास. आणि मौज ही की नेने वनस्पतिरोगतज्ज्ञ, म्हणजे जंतू पकडणे हाच ज्यांचा हुद्दा, त्यांनीच जंतूची निर्दोष मुक्तता केली. जस्त-सल्फेट आणि चुना यांच्या फवाऱ्याने तराईतला धान सावरला. पाकिस्तानातला ‘हद्दा’ पुढे याच कुळात दाखल झाला. ह्याच नेन्यांनी १९९६ साली सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा जुना ग्रंथ प्रकाशात आणला. रोग म्हणजे परचक्र नसून आतला तोल ढळणे, ही त्यातली दृष्टी नेन्यांच्या ठायी तीस वर्षे आधीच मुरली असावी असे माझे मत आहे, आणि कालक्रम विरुद्ध साक्ष देत असला तरी ते मी सोडणार नाही.

रोपाला ही उणीव कळते ती पेशीतल्या काही प्रथिनांमुळे: जस्त पुरेसे असेतो ते त्यांना चिकटून त्यांना गप्प ठेवते, आटले की तीच प्रथिने जस्त आत ओढणाऱ्या वाहकांची जनुके जागी करतात. शिवाय धानाचे मूळ एक आम्ल पाझरते. जपानच्या ताकागींनी १९७६ साली तृणधान्यांच्या मुळांतून पाझरणारी या जातीची द्रव्ये उजेडात आणली ती लोहाच्या शोधात. पण ती जस्तालाही बांधतात. म्हणजे दोन्ही संशयित एकाच घरचे! त्यातून धानाच्या मुळावर गंजाचे कवच चढते, त्यात जस्त अडकते. हे कवच कोठार की अडसर, यावर तज्ज्ञांत वाद आहे. मी अडसराच्या बाजूचा.

मात्र खैऱ्याचा माग तांबड्या भाठा जमिनीत काढू नये. सारा आकारण्यासाठी बंदोबस्ताच्या दफ्तरांनी भाठा, मटासी, डोरसा, कन्हार अशी जी प्रतवारी नोंदली, तीतली काळी, चुनखडीची कन्हारच जस्त अडवून धरते. तिथे लोहाचा दिमाख नाही, म्हणूनच तिच्यावर कोणी आळ घेत नाही.