हाक आणि दिवा

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर तेलाचे इंजिन होते. वडील हँडल फिरवीत आणि मी, दहा वर्षांचा पोर, वरची कळ धरून उभा राही. इंजिनाने वेग घेतला की वडील ओरडत, "सोड!" मग मी कळ सोडायची. एके दिवशी हाकेची वाट न पाहताच मी ती सोडली. हँडल उलटे फिरले आणि वडिलांचे मनगट मोडले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यामुळेच तो दिवस विसरता आला नाही.

पुढे विमानांचा इतिहास वाचताना तीच हाक मला पुन्हा भेटली. आरंभीच्या विमानांचा पंखा हातानेच फिरवीत. पंख्यापुढचा मेकॅनिक आधी स्विच बंद असल्याचे विचारून घेई. मग पंखा हळूहळू फिरवून इंजिनात पेट्रोलची वाफ ओढायची. नंतर तो म्हणे, "कॉन्टॅक्ट!" वैमानिक तोच शब्द परत देई आणि ठिणगीचा स्विच लावी. मेकॅनिक पंख्याला हिसका देऊन झटकन मागे सरे. शब्द चुकला तर हात जाई, प्रसंगी प्राणही.

कालांतराने विजेचा स्टार्टर आला आणि पंख्यापुढचा माणूस दूर झाला. मग हाक कोणी द्यायची? ते काम दिव्याकडे आले. कित्येक लहान विमानांत स्टार्टर गुंतला की एक दिवा लागतो. इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे; न विझला तर इंजिन तत्काळ बंद करायचे. तेलाचा दाब साधारण तीस सेकंदांत चढला नाही, तरी तेच.

पण दिव्याकडे पाहणे म्हणजे सावध असणे नव्हे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत मायामीजवळ एका ट्रायस्टार विमानात पुढचे चाक उतरल्याचा हिरवा दिवा लागेना. चाक उतरलेले होते. बल्ब तेवढे गेले होते. वैमानिक त्या दिव्यातच गुंतले आणि विमान हळूहळू खाली चालले आहे, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. विमान दलदलीत कोसळले. १७६ जणांपैकी १०१ जण दगावले.

वडील आता थकले आहेत. दिवाळीच्या पहाटे त्यांच्या अंगाला तेल मीच लावतो. मनगटाशी आलो की ते म्हणतात, "हळू रे." मी थांबतो, आणि त्यांनी 'हं' म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.