नानीचा सियाहा, भाचीचा फोटो

लातूरच्या भाचीचा फोन आला. "मामू, निकाह असरनंतर घरीच आहे. पण सकाळी कोर्ट मॅरेज करायचंय. तुम्ही साक्षीदार व्हा."

कोर्ट मॅरेज म्हणायची आपली सवय आहे, पण तिथे ना कोर्ट असते ना जज. असतो विवाह अधिकारी, त्याचे टेबल, आणि व्हरांड्यात खरेदीखतासाठी ताटकळलेली माणसे. मी लगेच हो म्हणालो. माझी बहीण मात्र नाराज होती. मुलगा-मुलगी दोघेही मुसलमान, निकाह ठरलेला, मग सरकारी ऑफिस कशाला? "निकाहवर भरोसा नाही का?" असे तिने मला विचारले. मी तिला नानीची गोष्ट आठवून दिली.

आमच्या नानीचा निकाह निजामाच्या काळात कंधारकडच्या एका खेड्यात झाला. नाना सरकारी नोकरीत शिपाई होते. ते वारले तेव्हा राज्य बदलले होते, दफ्तराची भाषा बदलली होती. पेन्शनसाठी एका कार्यालयाने नानीकडे लग्नाचा पुरावा मागितला. फोटो नव्हता. पत्रिका छापण्याची ऐपत नव्हती. निकाहचे दोन्ही गवाह अल्लाला प्यारे झालेले. उरला होता फक्त सियाहा.

नव्या वाचकांसाठी सांगतो. हैदराबाद संस्थानात काजी निकाह लावायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. नवरा-नवरीचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, वकील, गवाह, मेहरची रक्कम, तारीख. हाच सियाहा. इंग्रजी मुलखात चित्र वेगळे होते. तिथे १८६४च्या कायद्याने सरकारने काजी नेमणे बंद केले. पुढे १८८०च्या काजी कायद्याने लोकांची मागणी असेल तिथे नेमणुकीची सोय झाली, पण निकाहला काजी हजर असलाच पाहिजे असे त्या कायद्याने म्हटले नाही. आपल्या मराठवाड्यात काजीची वही हीच नोंदणीची वही होती. नोंदणी ही काल आलेली परकी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या गावच्या काजीच्या घरची पेटी उघडून बघावी.

नानीची नोंद सापडली. पण ती उर्दूत, घाईच्या शिकस्ता अक्षरात, आणि तारीख हिजरी. कार्यालयातल्या साहेबांना त्यातले एक अक्षर वाचता येईना. शेवटी एका उर्दू मास्तरांनी मराठी तर्जुमा करून दिला, तेव्हा कागद पुढे सरकला. त्यात दोन वर्षे गेली. अम्मी म्हणायची, तेवढ्यात नानीच्या बांगड्या विकल्या गेल्या. मी दोन्ही भाषांचा मास्तर झालो त्याला ही गोष्टही थोडी कारण असावी. आजही महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी जुना निकाहनामा वाचून घ्यायला माझ्या दारात येते. बहुतेक वेळा ती बाईच असते.

आता भाचीच्या कायद्याकडे येतो. १८७२ साली इंग्रजांनी विशेष विवाह कायदा केला. त्यात लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठलाच धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात त्यातून सूट मिळाली, मुसलमानांना नाही. धर्म न सोडता सर्वांना दार उघडले ते १९५४च्या कायद्याने. तो १ जानेवारी १९५५पासून लागू झाला.

त्या दारातून लवकर आत गेलेल्यांत हमीद दलवाई आणि मेहरुन्निसा होते. ऑक्टोबर १९५६मध्ये त्यांचा निकाह झाला आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी या कायद्याखाली लग्न नोंदवले. मधल्या काळात, १ नोव्हेंबरला, नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले. दलवाईंच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, पण निकाह करून त्यांनी नोंदणीही केली, हे त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

नुसत्या पुराव्यासाठी हा कायदा लागत नाही. निकाहची नोंद महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत १९९८च्या महाराष्ट्र कायद्याखाली होते. फरक वारशाचा आहे. विशेष विवाह केलेल्या मुसलमान जोडप्याच्या मालमत्तेला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि मुलगा-मुलगी समान होतात. केरळचे वकील व अभिनेते सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ला पत्नी शीना यांच्याशी याच कायद्याने पुन्हा लग्न केले. १९९४ला त्यांचा निकाह झालेला आणि तीन मुली, मुलगा नाही. शरियतीनुसार मुलींना दोन तृतीयांश, बाकी हिस्सा भावांकडे. तेव्हा उलेमांनी टीका केली. ज्यांना हा बदल नको त्यांनी महापालिकेतली नोंद करावी, पण नोंद करावीच. आणि विशेष विवाहाच्या प्रमाणपत्रात मेहरचा रकाना नाही. त्यामुळे मी भाचीला बजावले, निकाहनाम्यात मेहर अक्षरी लिहून घे.

तयारी एक महिना आधी सुरू झाली. नोटीस दिल्यावर तीस दिवस ती कार्यालयात लावलेली असते, कुणालाही कायदेशीर हरकत घेता येते. बहिणीला मी म्हटले, निकाहचा ऐलान करतोच ना आपण, हाही ऐलानच समज. (घरच्यांच्या विरोधात लग्न करणाऱ्या मुला-मुलींना मात्र हेच तीस दिवस जीवघेणे होतात.) नोटिशीनंतर तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर सगळे पहिल्यापासून. निकाहला दोन गवाह पुरतात, इथे तीन.

फोटोवरून वाद झाला. मुलाकडच्यांनी ड्रोनवाला फोटोग्राफर आणला होता. त्या खोलीत दहा माणसे उभी राहिली तर अकरावा दाराबाहेर, ड्रोन कसला उडणार! मी आदल्या दिवशी जाऊन परवानगी काढली. एकच कॅमेरा, फ्लॅश नाही, सही चालू असताना टेबलाच्या आड यायचे नाही. फोटो कशाचे हवेत तेही सांगून ठेवले. कबुली देताना दोघांचे चेहरे, सही करणारे हात, तिन्ही साक्षीदार.

बहीण फोटोत यायला तयार नव्हती. आपल्याकडे बायांचा पडदा आणि कॅमेरा यांचा मेळ जुना आहे. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडद्यातल्या बायांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो एक इंग्रज बाई चालवायची. अर्थात तो अमीर-उमरावांच्या बायांसाठी. कंधारच्या नानीपर्यंत तो कुठून पोहोचणार?

आमचा नंबर साडेअकराला लागायचा तो पावणेदोनला लागला. हार कोमेजले. भाचीने कबुली मराठीत दिली, जावयाने उर्दूत. पक्षकारांना समजेल त्या भाषेत ती देता येते. मी तिसरा साक्षीदार. सही करताना मान वर केली तर बहीण ओढणी सारखी करून भाचीच्या मागे येऊन उभी होती. फोटोग्राफरने बटण दाबले. बाहेर आल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली, "प्रमाणपत्राच्या किती कॉप्या मिळतात?"