छताच्या कोपऱ्यातल्या कोळ्याचा मागोवा

घट बसायच्या आधी कोल्हापूरच्या राजारामपुरीत घरोघरी जळमटं काढतात. काठीला बांधलेला कुंचा कोपऱ्यात पोचला की तिथला लांब टांगांचा कोळी जाळ्यासकट गरगर झुलायला लागतो. वेग इतका की नुसता धुरकट ठिपका दिसतो. भक्षकाला नेम धरता येत नाही.

शास्त्रात या कोळ्याची पहिली नोंद १८६७ची. जॉन ब्लॅकवॉल या इंग्रज अभ्यासकाने हिंदुस्थानातून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन छापलं आणि त्याला फोल्कस या जुन्या वंशात बसवलं. १८९३ साली फ्रान्सच्या युजीन सिमाँने क्रॉसोप्रायझा हा वंश उभा केला. पुढे हा कोळी त्यात गेला आणि क्रॉसोप्रायझा लायोनी झाला. बाजूने पाहिलं तर त्याचं पोट खोक्यासारखं चौकोनी, मागचा वरचा कोपरा टोकदार. पायांवर बारीक काळे ठिपके.

त्याची भावकी उत्तर आफ्रिका, अरबस्तान, इराणपासून आपल्याकडच्या कोरड्या मुलखापर्यंत पसरलेली आहे. खडकाच्या कपारी हे त्यांचं मूळ घर. वर छप्पर, वारा नाही, पाऊस नाही. माणसाने भिंती उभारल्या तेव्हा या कोळ्याला आयत्या कपारी मिळाल्या. राजाराम महाराजांच्या नावाने वसलेल्या या पेठेत कौलांच्या जागी स्लॅब आले, पण कोपरे राहिले आणि कोळीही राहिला. माणसांच्या सामानातून तो आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलियातही पोचला.

मला सगळ्यात लोभस वाटते ती त्याची मादी. अंड्यांचा गोल घोस ती जबड्यात धरून हिंडते. त्याभोवती रेशीम इतकं विरळ की एकेक अंडं वेगळं दिसतं. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती तो सोडत नाही.

१९९७ साली थायलंडमधल्या अभ्यासकांनी याच जातीचा जीवनक्रम मांडला, तो डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांचा भक्षक म्हणून. एडिस घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत विसावतो, म्हणजे नेमका याच्या जाळ्याशेजारी. कोळ्याच्या भरवशावर पिंप उघडं ठेवू नये. झाकण हवंच आणि आठवड्याला पाणी ओतून पिंप घासायलाही हवं. पण न्हाणीघरातलं जाळं काढण्याची घाई कशाला? आमच्याकडे तिथे कुंचा फिरत नाही.