तोतया परिचारिका आणि तिला घडवणारे

परिचारिका म्हणजे कोण, याचे कायद्यातले उत्तर अगदी कोरडे आहे. राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत जिचे वा ज्याचे नाव आहे, ती परिचारिका किंवा तो परिचारक. हात हलका असणे, वॉर्डात वीस वर्षे काढलेली असणे, रुग्णांनी आपुलकीने ‘सिस्टर’ म्हणणे, यांतल्या कशाचाही त्या नोंदीशी संबंध नाही. हा कोरडेपणा विवेचनाला मात्र सोयीचा आहे, कारण त्यातून तोतयेपणाची कसोटी हाती येते. रुग्णापुढे परिचारिका म्हणून उभी केलेली, पण नोंदवहीत नाव नसलेली व्यक्ती ती तोतया. ‘उभी राहिलेली’ असे न म्हणता ‘उभी केलेली’ असे मुद्दाम म्हटले आहे. दिल्ली आणि तिच्याभोवतीच्या राजधानी परिसरात, म्हणजे गाझियाबाद, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद या पट्ट्यात, स्वतःहून ‘उभी राहिलेली’ तोतया बातमीत येते आणि ‘उभी केलेली’वर रुग्णालये चालतात.

बातमीतल्या प्रकारापासून सुरुवात करू. नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्या सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गीच्या जिल्हा रुग्णालयात परिचारिकेच्या वेशातल्या स्त्रियांनी रक्त तपासायचे आहे असे सांगून एक नवजात बाळ आईजवळून नेले. पोलिसांनी दीड दिवसाच्या आत ते परत मिळवले. जानेवारी 2022 मध्ये केरळातल्या कोट्टायमच्या वैद्यकीय महाविद्यालयात असेच घडले आणि तिथले बाळ थोड्याच वेळात जवळच्या हॉटेलात सापडले. दिल्लीत 2018 साली एम्समध्ये एकोणीस वर्षांचा एक तरुण कित्येक महिने डॉक्टर म्हणून वावरला. पांढरा कोट आणि गळ्यातला स्टेथोस्कोप एवढ्यावर त्याचे भागले. या सगळ्यांना हवी असते ती गर्दी. शंभर खाटांच्या वॉर्डात तीनशे माणसे असली की गणवेश हेच ओळखपत्र होते. पण हा तोतया उपचार सहसा करत नाही. त्याचा डाव काही तासांचा असतो, नातेवाईक आरडाओरडा करतात, सीसीटीव्ही असतो आणि कायदाही हाताशी असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 319 प्रमाणे तोतयेगिरीने फसवणूक केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालतस्करीच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाली तर पहिली कारवाई त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करण्याची हवी. जबाबदारी व्यक्तीकडून संस्थेकडे सरकवणारा हा विचार पुढे पुन्हा लागणार आहे.

दुसरा प्रकार बनावट कागदाचा. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याकडचे नाही. अमेरिकेत जानेवारी 2023 मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ नावाची कारवाई उघड झाली. फ्लोरिडातल्या तीन संस्थांनी सुमारे 7,600 बनावट पदविका विकल्याचा आरोप होता आणि विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे 2,400 जण परवान्याची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्णही झाले होते. या दुसऱ्या आकड्यापाशी थांबायला हवे. परीक्षा घोकून देता येते. विकले गेले होते ते प्रत्यक्ष रुग्णाजवळ घालवायचे तास.

इथून तिसरा प्रकार एकाच पावलावर आहे: कागद अस्सल, शिक्षण नकली. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग महाविद्यालयांची उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तपासणी केली, तेव्हा 308 पैकी 66 महाविद्यालये अयोग्य आणि 73 त्रुटी असलेली आढळली. पुढे मे 2024 मध्ये, महाविद्यालयांना ‘योग्य’ ठरवण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास पथकातल्याच अधिकाऱ्याला अटक झाली. अशा महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलीचे नाव नोंदवहीत रीतसर येते. वरची कसोटी इथे लंगडी पडते, हे मान्य करून पुढे जाऊ, कारण राजधानी परिसरातला खरा पसारा चौथ्या प्रकाराचा आहे.

या चौथ्या प्रकारात कोणीच खोटे बोलत नाही. वस्तीतल्या अरुंद गल्लीत, खाली औषधांचे दुकान आणि वर तीन मजले अशी वीस-पंचवीस खाटांची नर्सिंग होम पूर्व दिल्लीपासून गाझियाबादपर्यंत ओळीने आहेत. तिथे कामाला येणारी मुलगी बहुधा बारावी झालेली असते. तिने जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे जीडीएचा, काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला असतो किंवा तोही नसतो. जीडीए हे काम खोटे नाही. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलून देणे, भरवणे, बेडपॅन देणे यांसाठी प्रशिक्षित हात हवेतच. पण रात्रपाळीला नोंदणीकृत परिचारिका एकच असते, किंवा नसतेच. मग ही मुलगी आधी सलाइनची बाटली बदलते, मग कॅन्युला लावते, मग डॉक्टरने फोनवरून सांगितलेले इंजेक्शन देते. अंगावर तोच फिकट निळा गणवेश असतो. दिल्लीकडे रुग्णाचे नातेवाईक नर्सला ‘स्टाफ’ म्हणतात, आणि तिलाही तीच हाक मिळते. शिक्षण काय, असे तिला कोणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. मालकाने ‘ही नर्स आहे’ असे तोंडाने कधीच म्हटलेले नसते. बिलात मात्र ‘नर्सिंग चार्जेस’ ही ओळ असते आणि खोटे तिथे लिहिलेले असते.

यामागचे अर्थकारण सोपे आहे. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2016 मध्ये दिलेल्या निर्देशावरून केंद्राने समिती नेमली. तिने सुचवले की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकांना सरकारी दराइतका पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटांमध्ये तो सरकारी दरापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावा, पन्नास ते शंभर खाटांमध्ये पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावा आणि पन्नासहून कमी खाटा असतील तिथे किमान 20,000 रुपये द्यावेत. दिल्ली सरकारने 2018 मध्ये तसा आदेश काढला. रुग्णालयांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले आणि 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते फेटाळले. परिचारिकांच्या बाजूने हा मोठा विजय होता. पण नोंदणीकृत परिचारिकेची किंमत वाढवली आणि तिच्या जागी दुसरे कोणी उभे आहे का हे पाहिले नाही, तर छोट्या मालकाला मिळणारा हिशेबी सल्ला उघड आहे. पगाराची अट परिचारिकेला लागू होते. जी परिचारिका नाही तिला ती लागू होत नाही. वेतनाचा न्याय आणि नोंदणीची तपासणी एकाच आदेशात बांधायला हवी होती.

त्यात राजधानी परिसराचा भूगोल आडवा येतो. कामगारांचा बाजार एकच आहे. मेट्रोने माणूस अर्ध्या तासात राज्य बदलतो. नोंदवह्या मात्र वेगळ्या: दिल्लीची परिषद 1997 च्या कायद्याची, उत्तर प्रदेशची मुळे 1934 च्या कायद्यात, हरियाणाचा कायदा 2017 चा. परवान्याची तऱ्हाही वेगळी. दिल्लीतली नर्सिंग होम 1953 च्या कायद्याखाली येतात. हा कायदा मुंबई राज्याच्या 1949 च्या कायद्याच्या धर्तीचा असून दोहोंत पात्र परिचारिकांचे ‘योग्य प्रमाण’ हवे अशी अट आहे. उत्तर प्रदेशात केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा चालतो. हरियाणाने तोच स्वीकारला, पण पन्नासहून अधिक खाटांसाठी. म्हणजे धोका सर्वांत जास्त जिथे, त्या लहान रुग्णालयांवरच हरियाणात त्याची नजर नाही.

आणि जिथे नजर आहे तिथली अवस्था मे 2024 मध्ये दिसली. विवेक विहारमधल्या नवजात बालकांच्या रुग्णालयाला रात्री आग लागून बाळे दगावली. त्या रुग्णालयाचा परवाना मार्चअखेर संपलेला होता, परवानगी पाच खाटांची होती आणि आत बारा बाळे होती. ड्यूटीवरचा डॉक्टर आयुर्वेदाचा पदवीधर होता, नवजात अतिदक्षतेसाठी पात्र नव्हता. त्यानंतर नायब राज्यपालांनीच नमूद केले की दिल्लीतल्या 1,190 नर्सिंग होमपैकी चतुर्थांशाहून अधिक वैध नोंदणीविना चालू आहेत. जिथे डॉक्टरची पात्रता आणि इमारतीचा परवाना आगीनंतर तपासला जातो, तिथे परिचारिकेचा नोंदणी क्रमांक कोण तपासणार? अर्जाला जोडलेल्या यादीत नावे असतात. यादीतली सिस्टर रात्रपाळीला खरोखर हजर असते का, हे पाहायला रात्री कोणी येत नाही.

आता काही वाचक विचारतील की एवढे बिघडते कुठे? मुलगी चलाख आहे, सहा महिन्यांत शीर शोधायला शिकते, कित्येक पदवीधर परिचारिकांपेक्षा चांगली कॅन्युला लावते. हे खरे आहे, आणि म्हणूनच हा तोतयेपणा टिकतो. हाताचे काम पाहून शिकता येते. परिचर्येचा मोठा भाग मात्र न करण्याचा आहे. सांद्र पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत द्यायचे नाही, पातळ करून सावकाश द्यायचे. घाईत थेट दिले तर हृदय बंद पडते. इन्सुलिनचे उदाहरण अधिक बोलके आहे. भारतात एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट आणि 100 युनिट अशा दोन्ही कुप्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या, एकीचे टोपण लाल तर दुसरीचे नारिंगी. 100 च्या कुपीतले औषध 40 च्या सिरिंजने, खुणेवर बोट ठेवून अगदी काळजीपूर्वक भरले तरी मात्रा अडीच पट होते. पहाटे रुग्ण घामाने निथळतो, बडबडतो आणि मग शांत होतो. त्या शांतपणाचा अर्थ प्रशिक्षित परिचारिका वाचते. बाकीच्यांना वाटते, बरे झाले, झोपला. सकाळी मृत्यूच्या कागदावर मधुमेह आणि वय लिहिले जाते. परिचर्येतली चूक बहुतेक वेळा रोगाचाच चेहरा घेऊन येते. बाळ पळवले तर आई ओरडते, इथे ओरडायला कोणाला कारणच कळत नाही.

पाचवा प्रकार घरातला. पुण्या-मुंबईत ज्याला आपण ब्युरो म्हणतो, त्याचीच मोठी आवृत्ती द्वारका, नोएडा, गुरुग्राम या भागांत आहे. मुले परदेशात, आईवडील सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, आणि बारा किंवा चोवीस तासांच्या ड्यूटीला आलेली ‘नर्स’. ब्युरो अटेंडंटचा आणि नर्सचा दर वेगळा सांगतो, पाठवतो मात्र हाताशी असेल तिला. पोलीस पडताळणीचा कागद दाखवला की घरचे निश्चिंत होतात. ती पडताळणी चोरीच्या भीतीवरचा उतारा आहे, औषधाच्या मात्रेशी तिचा काही संबंध नाही.

कायद्याकडे वळल्यावर एक विसंगती लक्षात येते. न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय उपचार करताना तो नोंदणीकृत डॉक्टरकडून घडला तर मर्यादा दोन वर्षांची. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांपुरतीच आहे, परिचारिकेला नाही. म्हणजे डॉक्टरच्या फोनवरून इंजेक्शन देणारी बारावी पास मुलगी पाच वर्षांच्या कक्षेत उभी राहते आणि फोनवरचा डॉक्टर दोन वर्षांच्या. तोतयाला शिक्षा नको असे कोणी म्हणणार नाही. पण गणवेश शिवून देणारा, पाळी लावणारा आणि बिलात ‘नर्सिंग’ लिहिणारा मालक या कलमांच्या बाहेर कडेला राहतो. वर पाहिलेला सर्वोच्च न्यायालयाचा विचार, म्हणजे घटना घडली की आधी परवाना, इथेही लावायला हवा.

साधने नाहीत अशातला भाग नाही. ओखल्यात कार्यालय असलेल्या भारतीय परिचर्या परिषदेने परिचारिकांची चालू नोंदवही उभी केली आहे आणि प्रत्येकीला राष्ट्रीय ओळख क्रमांक देण्याची व्यवस्था आहे. संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला, त्यातही ऑनलाइन राष्ट्रीय नोंदवही आहे. राज्याच्या सीमेचा प्रश्न यातून बराच सुटू शकतो. पण नोंदवही कितीही चांगली असली तरी ती कोणीतरी उघडावी लागते आणि ती उघडण्यात नर्सिंग होमच्या मालकाचे हित नाही. म्हणून तीन गोष्टी सक्तीच्या व्हाव्यात. प्रत्येक पाळीच्या नोंदणीकृत परिचारिकांची नावे व क्रमांक वॉर्डाच्या दाराशी लावावेत. जीडीएचा गणवेश वेगळ्या रंगाचा असावा आणि तो रंग तिन्ही राज्यांत एकच असावा. विमा कंपन्यांनी ‘नर्सिंग चार्जेस’ची रक्कम नोंदणी क्रमांकाशिवाय मंजूर करू नये. यातली तिसरी सूचना सर्वांत आधी परिणाम करील, कारण मालकाला निरीक्षकापेक्षा अडलेले बिल जास्त लवकर समजते.

तोवर उरतो तो रुग्णाचा नातेवाईक. दिल्लीत असाल वा दादरमध्ये, रुग्णाला दाखल करताना खोलीचे भाडे विचारता तसेच रात्रपाळीला नोंदणीकृत परिचारिका किती आणि त्यांचे क्रमांक काय, हेही विचारा. त्या मुलीला नका विचारू, ती बिचारी नोकरी करते आहे. काउंटरवर विचारा, आणि उत्तर लेखी मागा.