लंडनचं घर, परळची चाळ आणि आपलं सालवड



लंडनमध्ये प्रिमरोज हिल भागात किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं एक घर आहे. त्याच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, सामाजिक न्यायासाठी लढणारे भारतीय, १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, एवढाच मजकूर. थोर माणसांच्या घरांवर अशा पाट्या लावायची पद्धत लंडनमध्ये १८६० च्या दशकात सुरू झाली. तिथल्या अधिकृत पाटीसाठी दोन मुख्य अटी असतात. त्या माणसाच्या निधनाला किमान २० वर्षं झालेली हवीत, आणि तो राहिला ती मूळ इमारत अजून उभी हवी. ही दुसरी अट लक्षात ठेवा.

बाबासाहेब १९१६ मध्ये पहिल्यांदा लंडनला शिकायला गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२३ ला परतले तेव्हा बॅरिस्टर होते आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध तयार होता.

हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये तीस कोटींहून जास्त रुपये मोजून विकत घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. पुढे शेजाऱ्यांनी गर्दीची, आवाजाची तक्रार केली. तिथल्या कॅम्डन कौन्सिलने राहत्या घराचं संग्रहालय करायला परवानगी नाकारली. प्रकरण वरपर्यंत गेलं, चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. चांगलंच झालं. ते घर जपलंच पाहिजे, यात दुमत नाही.

पण त्या पाटीवरची सालं पुन्हा बघा. १९२१-२२. त्या वेळी रमाबाई कुठे होत्या? परळला, बीआयटी चाळ नंबर १ मध्ये. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत जे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आलं, त्याने बांधलेली ही चाळ. ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. नवरा परदेशात शिकतोय आणि त्या तुटपुंज्या पैशांत घर ओढतायत. लंडनच्या पाटीवर जे वर्ष लिहिलंय, त्याची अर्धी किंमत या खोल्यांमध्ये मोजली गेली.

बाबासाहेबांचं कुटुंब या चाळीत १९१२ ते १९३४ राहिलं. म्हणजे २२ वर्षं! १९१३ मध्ये वडील रामजी गेले. पुढे एकामागून एक चार मुलं गेली, शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये. १९२० मध्ये 'मूकनायक' निघालं, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचं ऑफिस जवळच दामोदर हॉलमध्ये. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार, हे सगळं झालं तेव्हा त्यांचा घरचा पत्ता याच चाळीचा होता. स्वतः शाहू महाराज त्यांना भेटायला इथे आले होते. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह त्यानंतरचं. तिथे रमाबाईंना फार दिवस मिळाले नाहीत, २७ मे १९३५ ला त्या गेल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक बाबासाहेबांनी त्यांना अर्पण केलं.

दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या बोईसर-पालघरहून कितीतरी लोक दादरला उतरून चैत्यभूमीला जातात. काही जण राजगृहही बघतात. परळची चाळ त्यातल्या किती जणांनी बघितलीय? दादरपासून लांब नाही. अवश्य जा, आणि मुलांना सोबत न्या. परळमध्ये जुन्या चाळी जाऊन टॉवर उभे राहतायत. मूळ इमारत उभी असायला हवी, ही लंडनची अट म्हणूनच लक्षात ठेवायला सांगितली.

आता आपल्या घरचं बोलू. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरला मोर्च्यावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी आणि आपल्या सालवडचे सुकुर गोविंद मोरे. पालघरच्या हुतात्मा चौकात आपण दर १४ ऑगस्टला फुलं वाहतो. पण ते त्या दिवशी सकाळी निघाले कुठून? कुठल्या घरातून, कुठल्या आळीतून? मागे घरात कोण राहिलं, त्यांनी पुढे दिवस कसे काढले? शाळेत जाणाऱ्या पोरांना ती जागा बोट दाखवून सांगता येईल असे आपल्यात किती जण आहेत?

पाटीला कोटी रुपये लागत नाहीत. एक दगड, नाव, साल आणि दोन ओळी. ग्रामपंचायतीच्या एका ठरावात होणारं काम आहे. खर्च कमी, पण माहिती बरोबर हवी आणि ती सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर आजच विचारा. मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा आहे, तेव्हा हातात काहीतरी पक्कं हवं.