उताराचं पाणी

मुंबईच्या पाणीखात्यात नोकरी केलेल्या माणसाला काही आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. विहारची ओसंडण्याची पातळी 80.12 मीटर, तानसाची 128.63, तुळशीची 139.17. या उंच्या 'टाउन हॉल डेटम'वरच्या, म्हणजे ज्या टाउन हॉलात आज एशियाटिक सोसायटी आहे त्याच्या नावानं चालत आलेल्या, मुंबईच्या स्वतःच्या मोजपट्टीवरच्या आहेत. जुलै-ऑगस्टात 'तानसा भरून वाहू लागला' अशी बातमी आली की लोक किती दिवसांची बेगमी झाली ते बघतात. आम्ही खात्यातली माणसं उंची बघायचो. तलाव उंचावर, शहर खाली, मधे नळ. पाणी आपल्या वजनानं चालत येतं. दुय्यम अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर मी या शहराच्या पाण्याचा इतिहास सवडीनं वाचला, तेव्हा जाणवलं की तो मुख्यतः उताराचा इतिहास आहे. आणि हा उतार आता संपत आलाय.

नळ येण्याआधीची मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही नावं अजून बसच्या पाट्यांवर आहेत. तलाव कधीच बुजले. चर्चगेटजवळची भिखा बेहरामची विहीर मात्र 1725 पासून आजवर टिकून आहे. बेटावर गोडं पाणी मुळात कमी, त्यात वस्ती वाढलेली. 1850 च्या दशकातल्या टंचाईत गुरं माहीमकडे हलवायचे हुकूम निघाले आणि होड्यांतून, नव्यानं सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणायची वेळ आली.

तेव्हा हेन्री कॉनिबेअर या अभियंत्यानं सुचवलं की पाणी बेटावर शोधू नका, साष्टीच्या डोंगरात मिठी नदीच्या उगमाकडे धरण बांधा. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडा काढणारा तो हाच कॉनिबेअर. 1856 साली काम सुरू झालं, 1860 साली विहारचं पाणी शहरात आलं. अंतर साधारण 14 मैल. ओतीव लोखंडाचे नळ विलायतेहून जहाजानं आले. दिवसाला 32 दशलक्ष लिटर पाणी मिळू लागलं आणि सात लाख लोकांची तहान भागेल असा हिशेब मांडला गेला. हिंदुस्थानात एखाद्या शहराला धरणातून नळानं पाणी देण्याची ही सुरुवात मानली जाते.

त्या काळी यातली नवलाई कशात होती ते नीट समजून घ्यायला हवं. धरणं आपल्याकडे जुनीच. दगडी पाटातून, खापरी नळांतून पेठेतल्या हौदापर्यंत पाणी आणणंही पुण्या-औरंगाबादला जुनं. विहारचं पाणी मात्र बंद लोखंडी नळात दाबाखाली होतं. दाब असला की पाणी वाटेतला खळगा उतरून पुन्हा चढतं, माळ्यावरही जातं. हौदाकाठी जमणारी माणसं आता चाळीतल्या नळाशी जमू लागली.

पुढची गोष्ट मात्र खात्यातल्या कोणालाही ओळखीची वाटेल. विहार लवकरच अपुरा पडला. 1872 च्या शिरगणतीत मुंबईत 6,44,405 माणसं मोजली गेली. मग त्याच डोंगरात वरच्या अंगाला तुळशी बांधला, 1879 साली. तोही पुरेना. 1891 मध्ये वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास गेली आणि 1892 साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउनच्या हस्ते तानसाचं उद्घाटन झालं. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचं दगडी धरण आणि शहरापर्यंत शंभरएक किलोमीटरची वाट, खाड्या ओलांडत. नळ शहरात शिरतो तिथे उंचावर साठा हवा, म्हणून 1880 च्या दशकात माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर आणि मलबार हिलवर जलाशय बांधले. हँगिंग गार्डनमध्ये फिरणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं की त्यांच्या पायाखाली सुमारे 14 कोटी 70 लाख लिटर पाणी आहे. त्या टेकडीवरून फोर्ट-गिरगावात पाणी उतरतं तेही उतारानंच.

पाणी आणण्याची घाई होती, तशी ते बाहेर काढण्याची कोणाला नव्हती. गटारांची कामं मागे पडली आणि आलेलं पाणी चाळींच्या जोत्याखाली मुरत राहिलं. त्याचबरोबर जुन्या विहिरींवरही गदा आली. 1911 च्या सुमारास डॉ. बेंटले यांच्या पाहणीत हिवतापाचे डास विहिरींत वाढतात असं दिसल्यावर महापालिकेनं विहिरी बुजवायला, झाकायला लावल्या. पारशी आणि हिंदू मंडळींनी धर्माचा प्रश्न म्हणून विरोध केला. काही विहिरींना जाळी बसवून सवलत मिळाली, पुष्कळशा गेल्या. तानसाचं मुबलक पाणी डोक्यावरून येत असताना पायाखालच्या पाण्याची कोणाला फिकीर असणार? नव्वदएक वर्षांनी, 2002 पासून, त्याच शहरात मोठ्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी जिरवण्याची सक्ती करावी लागली. ज्या विहिरी उरल्या त्यांतून टँकर भरले जाऊ लागले. 2025 च्या एप्रिलमध्ये भूजलाच्या परवानगीवरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा ऐन उन्हाळ्यात अर्ध्या शहराला कळलं की आपण अजून विहिरीचं पाणी वापरतोय.

स्वातंत्र्यानंतरही वाट तीच, फक्त लांब. 1957 साली वैतरणेवर धरण झालं. आज त्याला अभियंते ना. वि. मोडक यांच्या नावानं मोडकसागर म्हणतात. 1973 साली अप्पर वैतरणा आलं. पुढे भातसा, आणि गेल्या दशकात मध्य वैतरणा. सातही तलाव काठोकाठ भरले तर 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर साठा होतो आणि त्यातून शहराला रोज 3,900 दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी दिलं जातं. यातली मोठी धरणं ठाणे-पालघर जिल्ह्यांत शहापूर-मोखाड्याच्या अंगाला, थेट नाशिक जिल्ह्यापर्यंत. तिथल्या पाड्यांवर मार्च उलटला की टँकर सुरू होतात. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण शहापुरात तक्रार म्हणून कोणी म्हणत नाही. पत्ता सांगावा तशी सांगतात.

भातसाशी पहिल्यांदा उताराचा तोल गेला. तिथलं पाणी धरणातून नदीत सोडतात, खाली पिसेच्या बंधाऱ्याशी अडवतात आणि पंपानं उचलून पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठवतात. पिसेला वीज गेली की दुसऱ्या दिवशी मुंबईत पाणीकपातीची बातमी. तानसाच्या नळाला विजेची पर्वा नव्हती.

आता थोडं शहराच्या आत. तलावापासून टेकडीवरच्या जलाशयापर्यंत पाणी आणणं हे निम्मं काम. तिथून ते गल्लीत वाटणं हे उरलेलं निम्मं. मुंबईत पाणी चोवीस तास नसतं. एका विभागाला दोन तास, दुसऱ्याला चार, कुठे पहाटे, कुठे रात्री अकराला. हे वाटप चावीवाला करतो. चावीवाला हे आमच्याकडचं रीतसर पद. खांद्याएवढी लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. रस्त्यातलं झाकण उचलायचं, दांडी वॉल्वच्या डोक्यात बसवायची आणि फेरे मोजत फिरवायची. एकदम उघडली तर पाण्याचा धक्का बसून पुढचा जुना नळ फुटतो. म्हणून पहिले दोन-तीन फेरे सावकाश. आधी नळातली हवा सुटते, चाळीतले नळ फुसफुसतात, खोकतात आणि मग धार लागते. पिंप, कळशा, हंडे आधीच मांडलेले असतात.

माझ्या विभागातले एक ज्येष्ठ चावीवाले फेरे तोंडानं मोजत नसत. 'साहेब, हात सांगतो,' म्हणायचे. नकाशात नसलेल्या, ब्रिटिश काळात टाकून विसरलेल्या जोडण्या त्यांना ठाऊक होत्या. कुठल्या गल्लीतल्या उंच इमारतीनं थेट लाइनवर मोटर लावली, म्हणजे शेवटच्या टोकाच्या वस्तीत आज हंडा भरणार नाही, हे त्यांना चावी फिरवतानाच कळायचं. गळती शोधायची वेळ रात्री दोन-अडीचची. रहदारी थांबलेली असते, तेव्हा लोखंडी सळईचं एक टोक नळावर टेकवायचं आणि दुसऱ्याला कान लावायचा. नुसता वाहता नळ गुणगुणतो. फुटका असेल तर फस्स असा एकसुरी आवाज येतो आणि तो अंगठ्यातही जाणवतो. आता त्यासाठी ध्वनियंत्रं आहेत, एकाच वेळी दोन ठिकाणी ऐकून भेग कुठे आहे ते गणितानं सांगणारी. मी ती वापरलीत, चांगली आहेत. पण नळ कुठून जातो हेच कागदावर चुकीचं असेल तर यंत्र सांगेल तिथे खड्डा खणूनही हाती कोरडी माती लागते. त्यामुळे नव्या तंत्राची पहिली पायरी म्हणजे या माणसांना ठाऊक असलेलं सगळं त्यांच्या निवृत्तीआधी नकाशावर उतरवणं. हे काम दिखाऊ नाही, म्हणून ते कायम पुढच्या वर्षावर जातं.

तासापुरतं पाणी देण्याचा एक तोटा लोकांना दिसत नाही. नळ रिकामा झाला की आतला दाब जातो आणि भेगेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. आपण नळ आला की पहिली बादली ओततो ती यासाठीच. 2014 साली मुलुंड आणि वांद्र्यात चोवीस तास पाण्याचा प्रयोग हाती घेतला. शहरभर चोवीस तास पाणी अजून आलेलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की घर बेकायदा असलं तरी त्यात राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. त्यानंतर 2022 साली 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आलं. तोवर तानसाच्या नळाला टेकून उभ्या असलेल्या झोपड्यांतली माणसं हंड्यावर पैसे देऊन पाणी विकत घेत होती, आणि लिटरमागे हिशेब केला तर ते टॉवरवाल्यांच्या बिलापेक्षा महाग पडायचं.

आता पुढे काय? तीन वाटा समोर आहेत. पहिली नेहमीची: गारगाई नदीवर नवं धरण. तिथून रोज 440 दशलक्ष लिटर मिळतील, पण तानसा अभयारण्यातलं जंगल आणि लाखो झाडं पाण्याखाली जातील, गावं उठतील. दुसरी समुद्राची: मनोरीला खारं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प, आधी 200 आणि पुढे 400 दशलक्ष लिटरचा. पडद्यातून दाबानं समुद्राचं पाणी गाळायला दर हजार लिटरमागे साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. 200 दशलक्ष लिटरला म्हणजे दिवसाला सहा ते आठ लाख युनिट. पावसानं दगा दिला तरी समुद्र आटत नाही हे खरं, पण त्या पाण्याचा प्रत्येक थेंब विजेच्या बिलावर येणार. तिसरी वाट सांडपाण्याची. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा, मालाड अशी सात मलजल प्रक्रिया केंद्रं उभी राहतायत, एकूण क्षमता 2,464 दशलक्ष लिटर. त्यातलं काही पाणी कारखाने, बागा, बांधकामं, रेल्वेच्या धुण्याला देता आलं तर पिण्याचं तेवढं वाचेल. पण मैलापाणी नेहमी उताराच्या तळाशी, समुद्राकाठी जमतं. ते परत शहरात आणायला वेगळे नळ हवेत आणि पंप हवेत.

चौथी वाट कोणी वाट म्हणत नाही. दिल्या पाण्यापैकी सुमारे एक-तृतीयांश पाणी गळती आणि चोरीत जातं, असं महापालिकेच्याच अंदाजांत अनेक वर्षं येत आलंय. 3,900 चा तिसरा हिस्सा म्हणजे 1,300 दशलक्ष लिटर, जवळजवळ तीन गारगाया. सगळं परत मिळणार नाही. जगातल्या कुठल्याही जुन्या शहराचा नळ गळतोच. निम्मं मिळालं तरी एका धरणाहून जास्त, आणि हे पाणी आधीच उतारानं शहरात आलेलं, गाळून शुद्ध झालेलं. फक्त धरणाचा नारळ फोडायला मंत्री येतात. मध्यरात्री भेंडीबाजारात नळाची सांधजोड करताना मुकादम आणि चार कामगार असतात. पैसा कुठे जातो ते यावरून ठरतं.

धरणाला माझा आंधळा विरोध नाही. विहार-तानसा नसते तर मुंबई नसती, आणि त्या अभियंत्यांनी हातात असलेल्या साधनांत अचाट काम केलं. पण त्यांचं पाणी जवळजवळ फुकट वाहत होतं, म्हणून दीडशे वर्षं ते गळलेलं चाललं. विजेवर आणलेलं पाणी त्याच भेगांतून सोडलं तर खर्च दुप्पट आणि टंचाई तेवढीच. त्याचं बिल फिरून शेवटच्या टोकाच्या माणसावर येणार, कारण दाब कमी झाला की सर्वांत आधी त्याचाच नळ कोरडा पडतो. मनोरीच्या पंपाचं बटण दाबण्याआधी जुने नळ बदला, वॉल्व कागदावर आणा, विभागवार किती पाणी गेलं आणि किती पोचलं ते जाहीर करा. कामांचा क्रम हाच हवा.