लसूणघास : एकदा पेरणी, तीन वर्षे चारा, पण अमरवेल आणि पोटफुगी सांभाळा

दुधाच्या धंद्यात निम्म्याहून जास्त खर्च चारा-खुराकावर जातो. पाण्याची सोय असेल तर बांधाशेजारी दहा-वीस गुंठे लसूणघास असलेला बरा. काही भागांत याला मेथीघास किंवा नुसता 'घास' म्हणतात. यात प्रथिने साधारण १८ ते २० टक्के असतात, त्यामुळे पेंडीचा खर्च थोडा कमी होतो.

पेरणी : ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मध्यम ते भारी पण निचऱ्याच्या जमिनीत. पाणी साचले की मुळं कुजतात. एकरी १० किलो बी पुरते. दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे, बी खोल टाकू नये. बहुवार्षिक लागवडीसाठी राहुरी कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ वाण चालतो. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळावे. नत्र सुरुवातीपुरतेच द्यावे, स्फुरद मात्र भरपूर लागते.

कापणी : पहिली ५५ ते ६० दिवसांनी, पुढे दर २५ ते ३० दिवसांनी. जमिनीपासून चार बोटे वर कापावे. अगदी बुडातून कापल्यास फूट कमी येते. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या लवकर लागतात.

अमरवेल : घासाचा खरा शत्रू. ही पिवळी, बिनपानाची वेल बियाण्यातूनच शेतात येते आणि तिचे बी जमिनीत अनेक वर्षे टिकते. म्हणून प्रमाणित बियाणेच घ्यावे. वेल दिसली की फुलावर येण्याआधी तेवढा घास वेलीसकट कापून जाळून टाकावा. बांधावर फेकू नये.

पोटफुगी : कोवळा, दव पडलेला घास उपाशी जनावराने भरपूर खाल्ला की पोटात फेस धरतो, डावी कूस फुगते आणि वेळेत उपचार न झाल्यास जनावर दगावते. घास कापून काही तास सुकवावा, आधी कडबा टाकावा, मग घास त्यात मिसळून द्यावा. कूस फुगलेली दिसताच डॉक्टरांना बोलवावे, वाट बघत बसू नये.

जमिनीला फायदा : मुळं खोल जातात आणि त्यांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. तीन वर्षांनी घास विरळ झाला की मोडून बाजरी, गहू किंवा मका घ्यावा. त्या पिकाला युरिया कमी लागतो. त्याच रानात लगेच पुन्हा घास मात्र करू नये.